आप्पांच्या पखवाजाची कणीक

अल्फारेटा, जॉर्जिया
१४ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कास,
धाकट्या पुरुषोत्तमचा वाकून नमस्कार.

फोनवर तुला हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललो की आपण भांडतोय असं रुचाला वाटतं. म्हणून पत्र. आम्ही बरे आहोत. थंडी पडायला लागली तसे रुचाचे गुडघे कुरकुरायला लागलेत. पूजा रोज होते, फुलं मात्र दुकानातली.

एक बातमी आहे. इथे लॉयड ब्रॅनम म्हणून एक जुने गायक आहेत, पंचाहत्तरीचे. कंट्री म्हणतात तसली गाणी: गिटार, घोडे, दारूचे गुत्ते. चाळीस वर्षं लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. गेल्या वर्षी त्यांची बायको वारली आणि त्यांना ती गाणी गाववेनात. नव्या अल्बममधून त्यांनी ड्रम काढून टाकले, नाचायच्या चाली काढून टाकल्या. नुसता आवाज, आणि देवाला विचारलेले प्रश्न. एक गाणं बाहेर आलं तर लोक चिडले. ‘आमचा लॉयड परत द्या’ असं लिहितात. कंपनीही नाराज आहे.

त्यांचं रेकॉर्डिंग करतो तो सौमित्र, आमच्या भजनातल्या नंदाकाकूंचा मुलगा. जन्म इथलाच. त्याने मोबाइलवरचं आमचं भजन त्यांना ऐकवलं आणि म्हातारबोवा पखवाजापाशीच अडकले. सौमित्रचा फोन आला, “काका, ही वॉन्ट्स दॅट साउंड. प्लीज, नाही म्हणू नका यार.”

मंडळाचा पखवाज घेऊन नॅशव्हिलला गेलो, चार तास ड्राइव्ह करून. जमलं नाही. त्याचं तोंड लहान, आवाज चढा, आणि लॉयड आता फार खालच्या पट्टीत गातात. तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. बोलून गेलो, की घरी वडिलांचा मोठा पखवाज आहे.

रविवारी दोघं घरीच आले. रुचाने पोहे केले. लॉयडनी मिरच्यासुद्धा खाल्ल्या, डोळ्यांतून पाणी काढत. मग मी पखवाज आणला.

आक्का, तू तो ज्या उपरण्यात बांधून दिलास, त्याची गाठ मी फक्त दसऱ्याला सोडतो. हळदकुंकू वाहतो आणि परत बांधतो. वाजवला कधीच नव्हता.

डाव्या तोंडावरचा वाळलेला थर बघून लॉयडनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, कणीक. वाजवायच्या आधी ओली लावायची म्हणजे तो घुमतो. भजन संपलं की काढून टाकायची.

“मग ही का नाही काढली?”

आप्पा अभंगाच्या मध्येच कोसळले. त्या धावपळीत पखवाज पुसायचं कुणाला सुचणार? ती कणीक तू मळलेली, त्यांनी लावलेली. त्यांचा अंगठा उमटलेला तिच्यात. आप्पा असते तर ओरडले असते, “कणीक ठेवून पखवाज बांधतात होय रे? उंदरांना जेवण घालतोस?” कळत होतं मला. हात होत नव्हता. हे सगळं मी लॉयडनाही सांगितलं.

सौमित्र म्हणाला, “काका, थ्रीडी स्कॅन करून ठेवू का?” रुचाने त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने पोहे खायला लागला.

लॉयडनी टोपी उचलली. मग म्हणाले, “बायकोची खुर्ची मी कुणाला हलवू देत नाही. तिच्यात कुणी बसत नाही, आणि तीही परत येत नाही. मी तुम्हाला काय सांगणार?” टोपी घातली आणि निघाले. आग्रह केला नाही. केला असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

रेकॉर्डिंग शुक्रवारी आहे. सौमित्र म्हणतो, हे गाणं पखवाजावर झालं नाही तर कंपनी पुन्हा ड्रम घालायला लावेल, आणि म्हातारा आता भांडायच्या स्थितीत नाही.

हे पत्र तुझी परवानगी मागायला लिहितोय असं मी रुचाला सांगितलंय. पण ते तुझ्या हातात पडेपर्यंत दिवाळीही होऊन जाईल, हे मला ठाऊक आहे.

कणीक आज सकाळी काढली. पूजा झाल्यावर. तू करायचीस तसं कोमट पाण्याचं फडकं त्यावर ठेवलं. जरा वेळाने गव्हाचा वास आला, आपल्या घरच्या. अंगठा आधी फुगला, मग निघून गेला. नवी कणीक मळली ती सैल झाली, पुन्हा मळली. थाप मारली तेव्हा खिडकीची काच थरथरली. रुचा हातातलं टाकून आली आणि दारातच उभी राहिली.

फार बरं वाटलं, आक्का. आणि बरं वाटलं याचंच दिवसभर वाईट वाटतंय.

काढलेली कणीक आप्पा सकाळी गायीला घालायचे. मी ती वाटीत घालून देव्हाऱ्यात ठेवली आहे. इथे गाय नाही. तिचं काय करू, ते तू सांग. तू सांगेपर्यंत वाटी हलवणार नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
पुरुषोत्तम