टेबलापर्यंत न आलेली तार

आबा,

मी एक कॉम्प्युटर बनवला. तयार आणला नाही, सुटे भाग आणून घरी जोडला. तुम्ही असतात तर "किती वॉटचा हाय?" एवढं विचारलं असतंत आणि उत्तर ऐकायच्या आत बाहेर पडला असतात. म्हणून लिहून सांगतो. लिहिलेलं तुम्ही कधी वाचत नव्हतात. नव्या इस्त्रीच्या खोक्यातलं माहितीचं पत्रक तुम्ही उघडूनसुद्धा न बघता आईला चूल पेटवायला दिलं होतंत. तेव्हा हेही वाचलं जाणार नाही, आणि ते बरंच आहे. मला पहिल्यांदाच मध्ये कोणी न तोडता बोलता येईल.

गावात तुम्हाला सगळे वायरमन म्हणायचे. तुम्ही वायरमन नव्हता. वायरमनकडे लायसन असतं, तुमच्याकडे पक्कड होती. मंडप, माईक आणि लायटिंग हा तुमचा धंदा. तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत लग्न असो, जत्रा असो, विहारासमोरची जयंतीची रोषणाई असो, माळा तुमच्याच. बोर्डात पिन लावायची तुम्हाला कधी गरज वाटली नाही. वायरीची टोकं दातांनी सोलायची, उघडी तांब्याची तार भोकात घालायची आणि काडेपेटीची काडी ठोकून ती घट्ट करायची. शंभर माणसं जेवायला बसलेली असायची आणि त्यांच्या डोक्यावरचा उजेड दोन काड्यांवर उभा असायचा. त्या इस्त्रीची तीन पिनांची वायर बाहेरच्या खोलीतल्या दोन भोकांच्या बोर्डात जाईना, तर तुम्ही वरची जाड पिन पकडीत धरलीत, पिळलीत आणि मोडलीत. "ही नुसती शोभंची असती," असं म्हणालात. तुटलेली पिन माझ्यापुढे टाकलीत, खेळायला. मी ती कितीतरी दिवस दप्तरात ठेवली होती. मला वाटायचं की कोणीतरी ती परत मागायला येईल.

अजूनही लोक मला विचारतात, वडील करंटनंच गेले ना? तेवढा मान विजेनं तुम्हाला दिला नाही. तुम्ही काविळीनं गेलात. डोळे हळदीसारखे झाले तरी दवाखान्यात गेला नाहीत. गळ्यात काविळीची माळ घालून जनरेटर उचलत राहिलात, आणि माळ लांब होत चाललीय म्हणजे कावीळ उतरतेय, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ताणून दाखवत होतात. मी तेव्हा बारावीत होतो. बारावी तिथेच राहिली.

आता मी लोणावळ्यात फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात डिझाइन करतो. वाढदिवसाचे फलक, लग्नाच्या पत्रिका, चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या. ह्रस्व-दीर्घ तपासायला मालक माझ्याकडेच कागद देतो. पण मशीन त्याचं, स्टूल त्याचं, आणि सुट्टीच्या दिवशी आलेलं कामही त्याचंच. घरी स्वतःचं मशीन चाललं, तर मला त्या स्टुलावरून कधीतरी उठता येईल. ते जळलं, तर पुन्हा घेण्याची माझी ऐपत नाही. एवढ्यासाठी मी प्रत्येक भाग आणताना तीनदा विचारलं होतं, हा त्यात बसेल का, ही वायर तिथपर्यंत पोचेल का. दुकानदार वैतागला होता.

एका रविवारी दुपारी जोडायला बसलो. चुलतभाऊ बघायला आला. लहानपणी तुमच्या टेम्पोत पाईप धरून बसणारा तोच. आता तळेगावला एका कंपनीत पॅकिंगला आहे, पण अजून तुमचा भक्त आहे. दारातूनच म्हणाला, "काय चप्पल्या, झालं का लगीन लावून?" चप्पल्या हे नाव मला तुमच्यामुळे पडलं. ते कसं, ते पुढे येईलच.

पॉवर सप्लाय म्हणजे एक लोखंडी डबा असतो. घरातली वीज त्यात जाते आणि वायरींच्या जुडग्यांतून एकेका भागाला मिळते. त्यातले दोन जुडगे जुळ्या भावांसारखे दिसतात. दोघांच्याही टोकाला आठ-आठ भोकं. एक प्रोसेसरसाठी, दुसरा ग्राफिक्स कार्डासाठी. नीट पाहिलं तर भोकांच्या कोपऱ्यांत फरक असतो, काही चौकोनी, काही तासलेले. चुकीचा जुडगा चुकीच्या जागी बसूच नये म्हणून कोणीतरी कुठेतरी बसून ही काळजी घेतलेली आहे. तुमच्यासारखी माणसं जगभर असतात हे त्याला माहीत असणार. मी हाताला आलेला जुडगा प्रोसेसरला लावायला गेलो, तो बसेना. मी थांबलो.

"दाब की," भाऊ म्हणाला. "आबा असते तर एका दणक्यात बसवला असता."

"म्हणून तर थांबलोय."

"ब्लेड आनू का? कोपरं तासू जरा."

मी त्याला चहा आणायला आत पाठवलं. जुडगा चुकीचा होता. बरोबर होता तो मागच्या बाजूनं फिरवून आणला, तर बोटभर कमी पडायला लागला. पुढून नेला तर पंख्याच्या पात्याला लागत होता. शेवटी सगळे स्क्रू सोडले, मदरबोर्ड पुन्हा बाहेर काढला आणि त्याच्याखालून वायर आधी काढून घेतली. चहा निवला. पण वायर पोचली, न ताणता पोचली. तुम्हाला हे कधी जमलं नाही. तुमची प्रत्येक वायर एकतर ताणलेली असायची नाहीतर लोंबत असायची.

बटण दाबलं, पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं आली. मग कॅबिनेटचं, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या खोक्याचं, बाजूचं झाकण लावलं, स्क्रू पिळले, आणि मशीन बंद. झाकण काढलं, चालू. लावलं, बंद.

"झाकनाला भितंय," भाऊ म्हणाला. "मालकावर गेलंय."

मी एकेक वायर हलवून बघत बसलो. झाकणामागे जुडग्यांचा गठ्ठा झाला होता. झाकण तो दाबत होतं, आणि त्या दाबानं मदरबोर्डाची सगळ्यात मोठी पिन एका अंगाला कणभर उचलली जात होती. मी सगळ्या वायरी सोडल्या, सपाट पसरल्या, एकेक वेगळी बांधली. मग झाकण लावलं. चालू राहिलं. तुम्ही असतात तर झाकण माळ्यावर फेकून दिलं असतंत. तुमच्या एकाही अँप्लिफायरला झाकण नव्हतं, आणि तुम्ही ते अभिमानानं सांगायचात, "हवा खेळती ऱ्हाती."

आणि मग, सगळं चालू असताना, माझ्या हाताची मागची बाजू कॅबिनेटच्या पत्र्याला लागली आणि झिणझिणी आली.

ती झिणझिणी मला ओळखीची होती. सहावीत पहिला आलो तेव्हा तुम्ही मला टेबलावरचा दिवा करून दिला होतात. मंडपाच्या पाईपचा तुकडा, वर होल्डर, खाली पत्र्याची बशी. तुम्ही मला दिलेली ती एकच वस्तू. तिला हात लावला की हात झिणझिणायचा. मी अंगणात तुमच्याकडे धावत आलो. तुम्ही कामाच्या पोरांबरोबर माळा गुंडाळत होतात. "आबा, करंट लागतोय." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कुटं लागतुय? सगळं तुज्या मनात हाय. आन् भ्याव वाटत आसंल तर चप्पल घाल." पोरं हसली. तुम्हीही हसलात. त्या दिवसापासून मी चप्पल्या झालो. चप्पल घालून अभ्यास करायला बसायचो, आणि खिडकीतून जाणारा प्रत्येकजण वाकून माझे पाय बघायचा. मी भित्रा आहे हे मला तुम्ही सांगितलं आणि ते मी इतकी वर्षं खरं मानलं.

"हात लाव," मी भावाला म्हणालो. त्यानं लावला. "काय न्हाई रं. तुज्या मनात हाय." अगदी तुमचेच शब्द. त्याच्या पायात कंपनीचे जाड रबरी बूट होते. मी टेस्टर आणला, पत्र्याला टेकवला. आतला बारीक दिवा लागला. भाऊ बघतच राहिला. मग त्यानं बूट काढले, अनवाणी उभा राहून बोट लावलं आणि "आयला" म्हणून मागे सरकला. मला हसू आलं, पण मी हसलो नाही.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, अर्थिंग बघा, पत्र्यात उतरलेला करंट तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायला हवा. मी म्हणालो, तीन भोकांचा बोर्ड आहे. तो म्हणाला, "भोक असून काय करायचंय? मागे तार हवी." मी मेन स्विच पाडला आणि टेबलाजवळचा, तुमचा दिवा ज्यावर लागायचा तोच बोर्ड उघडला. तो तुम्हीच बसवलेला, भिंतीत काटकोनात, दिसायला सुरेख. मागे लाल तार, काळी तार. तिसऱ्या भोकाच्या स्क्रूला काहीच नाही. स्क्रू कधी फिरवलेलासुद्धा नव्हता. मला आश्चर्य वाटलं नाही. माझ्या मनातली तुमची तसबीर होती तशीच राहिली. ज्याला काही कळत नाही आणि ज्याला ते कळत नाही हेही कळत नाही, असा माणूस. मी आईला म्हणालो, "आख्ख्या घरात अर्थिंग नाही."

आई मोरीत भांडी घासत होती. "हाय की," ती म्हणाली. "हितं हाय."

मी मोरीजवळचा बोर्ड उघडला. हिरवी तार. स्क्रूखाली नीट वेटोळं करून घट्ट पिळलेली. मी तिच्यामागे भिंतीतून बाहेर गेलो. मागच्या बाजूला, अळूच्या गर्दीत एक फरशी. फरशी उचलली, तर खाली पुरलेल्या लोखंडी पाईपचं तोंड, आणि नट-बोल्टनं आवळलेली तार.

"मला एकदा पानी तापवायच्या कॉईलनं धरलं व्हतं," आई म्हणाली. "तू लहान व्हतास. ह्यांनी त्याच दिवशी लग्नाचं काम टाकलं आन् खड्डा खणला. कोळसा घातला, मीठ घातलं. मला म्हनले, भांड्याचं पानी रोज हितंच जाऊंदे, वल ऱ्हायली पायजे. अजून जातंय बग."

"आणि माझ्या टेबलाला?"

"तार सपली म्हनले. नंतर वढू म्हनले."

तार संपली. तुमची. ज्याच्या माळ्यावर उभ्या मावळाला गुंडाळता येईल एवढी वायर होती, त्याची. तुम्ही गेल्यावर मीच ती उतरवली. सगळी दोन तारांची, हिरवी एकही नाही.

तोवर अंधारून आलं होतं. मी मेन स्विच पुन्हा चढवला, शंभर वॉटचा बल्ब घेतला, एक टोक विजेला आणि एक तुमच्या पाईपला लावून बघितलं. अर्थिंग कच्चं असेल तर दिवा मिणमिणतो. मला तो मिणमिणायला हवा होता. तो लख्ख लागला, अळूची पानं पिवळी दिसायला लागली. आबा, तिथे उभा राहून मला तुमचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता. तुम्हाला येत नव्हतं असं असतं तर मी सोडून दिलं असतं. अडाणी माणसावर किती दिवस रागवणार? पण तुम्हाला येत होतं. मीठ किती, कोळसा किती, ओल का राहिली पाहिजे, सगळं येत होतं. ज्या माणसाला ती पिन कशासाठी असते हे पक्कं माहीत होतं, त्यानं ती माझ्यासमोर मोडली आणि शोभेची म्हणाला. मी अंगणात धावत आलो तेव्हा करंट खरा आहे हे तुम्हाला माहीत होतं. तार ओढायचा कंटाळा होता, म्हणून पोरगं भित्रं ठरलं. ते स्वस्त पडलं.

आईसाठी लग्नाचं काम टाकलंत, हेही मी लिहून ठेवतो, कारण ते झालेलं आहे. पण माझ्या हिशेबात त्यानं तुमची बाजू सुधारत नाही.

पुढच्या रविवारी मी हिरवी तार आणली. वेगळा खड्डा खणायचं ठरवलं होतं, तुमचं काही नकोच म्हणून. पण मग ते नुसत्या रागाचं काम झालं असतं, आणि रागानं केलेल्या कामात स्क्रू तिरपे जातात. तुमच्याच पाईपला जोडली. मोरीपासून भिंतीच्या कडेनं, दारावरून, टेबलापर्यंत. न ताणता, न लोंबता. सहज ओढली तरी एका सकाळचं काम. कॅबिनेटला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. भाऊ अनवाणी आला, सगळीकडून हात लावून बघितला. "गार हाय की रं," म्हणाला, आणि जाताना पहिल्यांदाच चप्पल्या म्हणाला नाही.

हे पत्र मी त्याच मशीनवर लिहिलंय. कुठे पाठवायचं नाही, म्हणून छापणारही नाही. शुद्धलेखन दोनदा तपासलंय, कोणी वाचणार नसलं तरी.

एक राहिलं. बोर्ड नीट आहे, तार नीट आहे, पत्रा गार आहे, हे सगळं मी स्वतः तपासलेलं आहे. तरी रोज संध्याकाळी बटण दाबायच्या आधी माझा पाय टेबलाखाली चप्पल शोधतो. सापडेपर्यंत मी हात पुढे करत नाही.