काचेतला कुत्रा

केर्माडेक, १८ ऑगस्ट

प्रिय ताई,

एर्वान भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना उगाच चढू देऊ नकोस. मोर्गान सूनबाईच्या ओकाऱ्या थांबल्या का? तिला म्हणावं, पोट रिकामं ठेवू नकोस. म्हातारं मांजर तग धरून आहे ना? आणि तुझा हात? मागचं पत्र तू हात दुखतो म्हणून सुनेकडून लिहवून घेतलंस, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

इकडं सगळं ठीक. बटाटे बरे निघाले. परवा आपल्या चॅपेलची, संत रॉकची जत्रा झाली. नोल्वेन आणि जावईबापू रेनहून आले होते. शेजारचा जाकेझ होता, त्याच्या बहिणी होत्या. गाडी मीच चालवली. रस्ता पायाखालचा, त्यात काय! जाकेझ मागून ओरडत होता, "मारिवॉन, गाय पुढं गेली बघ तुझ्या!" त्याची जीभ काही म्हातारी व्हायची नाही.

तू नांतला गेल्यापासून चॅपेलच्या रंगीत काचेच्या खिडकीतली गोष्ट सांगायचं माझ्याकडेच आलंय. घरातल्या थोरल्या बाईनं काचेसमोर उभं राहून खालून वर सांगत जायचं, मगच घावनांच्या टोपलीवरचं फडकं काढायचं. आई सांगायची तशीच सुरुवात केली. अगदी खाली कोपऱ्यात आपला कुत्रा, रानात पडलेल्या आजारी संताला तोंडात पाव धरून नेणारा. लहानपणी आपण त्याच्यासाठी भांडायचो, आठवतंय? मी बोट दाखवून म्हटलं, "हा बघा लबाड, पट्टा कसा लालभडक चमकतोय!"

मग जाकेझ फिसकन हसला. "अगं, कुत्रा गेलाय दुरुस्तीला! वसंतातल्या गारांनी तडकला ना? तिथं साधी पांढरी काच आहे. सकाळीच सफरचंदाची सायडर ढोसलीस काय?"

सगळे खो खो हसले. मीही हसले. म्हटलं, "तुमची परीक्षा घेत होते." नोल्वेन मात्र हसली नाही.

पुढची गोष्ट कशी संपवली मला ठाऊक नाही. घावन कोणी वाढले तेही आठवत नाही. जेवणं झाल्यावर मी गुपचूप मागच्या झऱ्यावर गेले आणि डोळ्यांवर पाणी मारलं, तर नोल्वेन मागं उभी.

"आई, या झऱ्याच्या पाण्यानं डोळे बरे होतात म्हणणाऱ्यांना तू भाबडे म्हणायचीस ना?"

"ऊन लागलं गं."

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतंय की! तू दिसतेयस."

"मग सांग, मी कानात काय घातलंय?"

ताई, मला तिचे केस दिसत होते, खांदे दिसत होते. चेहऱ्याच्या जागी मात्र कोणी ओला अंगठा फिरवावा तसं पुसट. कडा शाबूत, मधलंच जातंय. आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी ती ताटात चमचा चाचपायची, ते तू पाहिलंयस.

नोल्वेननं तळहात पुढं केला. मी गाडीची किल्ली दिली. ती अजून तिच्याच पर्समध्ये आहे. गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार म्हणते. आत्ताच ती फोनवर जावयांना सांगत होती, "मागची खोली रिकामी करून ठेवा." रेनमधली, चौथ्या मजल्यावरची खोली! तिथं मला ना कोंबड्या, ना जाकेझच्या शिव्या. पोरगी मायेनंच करतेय, म्हणून तर भांडताही येत नाही. इथं मी अंधारातही चूल पेटवीन, तिथं दिव्याखाली धडपडेन.

जाड पेन घेऊन लिहितेय, तरी ओळी कुठं जातायत कोण जाणे.

वर सगळ्यांची विचारपूस केली, तुझ्या डोळ्यांची मुद्दाम केली नाही. भीती वाटली. आपण एकाच आईच्या लेकी. हात दुखतो म्हणून पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेणाऱ्यातली तू नव्हेस, ताई.

गुरुवारच्या आत उत्तर टाक. या वेळी सुनेला सांगू नकोस, स्वतः लिही. ओळी एकमेकींवर चढल्या तरी चालतील, फक्त अक्षर मोठं काढ.

वाट पाहणारी तुझी,
मारिवॉन