फळ्याखालची जागा

अण्णा,

आज सकाळी वाचनालयाबाहेरचा फळा लिहिताना एका माणसाने मला बातम्या वाचून दिल्या, आणि मला तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या जुन्या माणसावर रागवायचं म्हणजे जरा अतीच, पण आला खरा.

माणूस खांब गावचा. इथे रोह्याला कंपनीत कामाला आहे, शिफ्ट सुटली की घरी जायच्या आधी वाचनालयात येऊन बसतो. चाळिशी उलटली आहे, कंपनीतली कसलीशी परीक्षा द्यायची आहे, आणि मनात वाचलेलं त्याच्या डोक्यात शिरत नाही. मग मोठ्याने वाचतो. गेला आठवडाभर बाकीचे वाचक खुर्च्या सरकवून, खाकरून, माझ्याकडे बघून थकले. माझ्या हाताखालची मुलगी दोनदा विचारून गेली, मॅडम, सांगू का त्याला बाहेर बसायला. मी नको म्हटलं. त्याच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिले आणि त्याच्याहून खालच्या आवाजात विचारलं, उद्या जरा लवकर याल का, दार उघडायच्या आधी, माझं एक काम आहे. इथे लोक म्हणतात, बाई आवाज न चढवता कसल्याही माणसाला ताळ्यावर आणतात, कुठून शिकल्या कोण जाणे. मी ऐकून घेते. कुठून शिकले ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याची काय किंमत पडली तेही.

पेणच्या तुमच्या वाचनालयाच्या त्या खोलीत तुम्ही कुणाला ‘श्श’ केलेलं मी कधी ऐकलं नाही. गणपतीच्या कारखान्यातले लोक दुपारच्या सुट्टीत येत आणि शाडूच्या हातांनी पेपर चिवडून जात. तुम्ही दाराशी पाण्याची बादली आणि पंचा ठेवलात, कुणाला एक शब्द बोलला नाहीत, आणि चार दिवसांत सगळे हात धुऊन आत यायला लागले. पेपरची पानं सुटी करून प्रत्येक पान वेगळ्या काठीला लावायची पद्धतही तुमचीच, कारण मधल्या पानावरून निवृत्त तलाठीकाका रोज कुणा ना कुणाशी हमरीतुमरीवर यायचे. ते तुमचे मित्र, संध्याकाळचा चहा तुमच्यासोबत घ्यायचे, तरी त्यांच्यासाठी वेगळा नियम नव्हता. मला तुम्ही एकदाच सांगितलंत, “मोठ्या माणसाला सांगायचं ते त्याच्या कानाशी सांगावं. खोलीला ऐकवू नये.” घरी मात्र चमचा पडला तरी तुमच्या कपाळाला आठी पडायची. सगळी सहनशक्ती तिकडे संपवून यायचात, आणि आमच्या वाट्याला रिकामा डबा.

म्हणून तर मला फळा हवा असायचा. सकाळी एसटीने पेपरचा गठ्ठा आला की दार उघडायच्या आधी तुम्ही बाहेरच्या वार्ताफलकासमोर स्टूल मांडायचात, त्यावर चढायचात, आणि मी खाली उभी राहून ठळक बातम्या वाचायची. मी चौथीत असल्यापासून ते माझं काम. फार भरभर वाचायची मी. वर्गात पहिली होते ना, त्याचा तोरा. तुम्ही पाठमोरेच म्हणायचात, “हळू गो, माझा हात पोचत नाय.” खडूची पूड माझ्या केसांवर पडायची आणि शाळेत बाई विचारायच्या, डोक्याला काय लावून आलीस. मी ती झटकत नसे. दिवसातली तेवढी वीस मिनिटं तुम्ही माझं ऐकायचात, आणि मी जे बोलेन ते सगळ्या गावाला दिसेल असं लिहायचात. अजून काय पाहिजे?

मग ते काका आले. मिठागरावर उभा जन्म काढलेले, पाय भेगाळलेले, पन्नाशीनंतर कुठल्याशा रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलेले. त्यांना वाचनालय म्हणजे वाचायची जागा एवढंच माहीत. काठी मांडीवर घ्यायची, पानावर बोट ठेवायचं आणि आख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं एकेक अक्षर फोडत जायचं. एका ओळीला चहा पिऊन व्हावा. लोक वैतागले. तुम्ही त्यांच्या खुर्चीशी गेलात, खाली वाकलात, काहीतरी बोललात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर उलगडून फळ्याखाली उभी राहते, तर ते काका धुतलेला सदरा घालून हजर.

“तू आता मोठी झालीस,” तुम्ही म्हणालात. “सकाळी अभ्यासाला बस.”

तेरा वर्षांची होते मी. कानामागून आला आणि तिखट झाला, असं मी आईला म्हटलं, तर तिने मलाच दटावलं, मोठ्या माणसाला असं बोलतात का. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं जमत होतं. ते एक अक्षर फोडायचे तोवर तुमचं एक अक्षर फळ्यावर उतरायचं. त्यांना कधी ‘हळू’ म्हणावं लागलं नाही. बाहेर हवं तेवढं मोठ्याने, आत गेलं की ओठ हलवायचे, असा तुमचा त्यांचा ठराव झाला आणि तो त्यांनी पाळला. तीन वर्षं मी रोज सकाळी समोरच्या आपल्या घराच्या खिडकीत भूगोलाचं पुस्तक धरून तुमची पाठमोरी मान बघायची. एकदा ते तुमच्यासाठी नव्या मिठाची पिशवी घेऊन आले. तुम्ही जेवताना त्याचं केवढं कौतुक केलंत, आणि मी पानात मीठ वाढू दिलं नाही. आठवडाभर. तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

मग तुम्हाला ताप आला. रविवार होता, आईने किल्ली माझ्या हातात दिली. काका नेहमीच्या वेळी फळ्याखाली उभे होते. म्हणाले, “भाऊ नाय आले? मग तू लिही गो, मी वाचतंय.” मला स्टुलावर चढता येत होतं, अण्णा, अक्षरही तुमच्यापेक्षा बरं होतं. पण त्यांनी वाचायचं आणि मी लिहायचं? माझ्या जागेवर उभं राहून? मी म्हटलं, आज फळा नाही. ते आत येऊन बसले, आणि बहुधा सकाळचं राहून गेलं म्हणून असेल, पान घेऊन हळू आवाजात वाचायला लागले. ओठांपेक्षा थोडंसंच जास्त. तलाठीकाका त्यांच्या मधल्या पानात बुडालेले होते, आणखी सातआठ माणसं होती.

मी त्यांच्यापाशी गेले नाही. टेबलामागूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “काका, भिंतीवरची ती पाटी तेवढी वाचून दाखवा ना.”

त्यांना आनंद झाला. तो चेहरा मला आजही तसाच्या तसा दिसतो. त्यांना वाटलं, पोरीने आज आपल्याला वाचायला बोलावलं. ते उठून पाटीपाशी गेले, पहिल्या ओळीखाली बोट टेकवलं आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात सुरुवात केली. वा-च-ना-ल-या-त. मो-ठ्या-ने. वा-चू. तिथे कुणीतरी फिसकन हसलं. काकांना अजून कळलं नव्हतं. न-ये, म्हणाले, आणि मग सगळी ओळ मनात एकत्र जुळेपर्यंत थांबले. मला वाटलं आता येऊन बसतील. पण नाही. हातात घेतलेलं पुरं करायची सवय असावी, त्यांनी खालचे चारही नियम शेवटपर्यंत वाचले, तेवढ्याच आवाजात. मग म्हणाले, “वाचला.” पान काठीला नीट लावलं, काठी जागेवर ठेवली, वहाणा पायात घातल्या आणि गेले.

ते पुन्हा आले नाहीत. ताप उतरल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही सायकल काढून खाडीकडे त्यांच्या गावी गेलात. आई आडवी आली तरी गेलात. माझ्या गॅदरिंगला यायला तुम्हाला कधी सवड झाली नव्हती, आणि त्या माणसासाठी तापातून उठून आठ मैल. परत आलात, स्वयंपाकघरात पाटावर बसलात. आई काढा गाळत होती, मी तांदूळ निवडत होते. तुम्ही म्हणालात, तो म्हणतो, “भाऊ, डोळं दुखतान आता, बस झाला वाचन.” म्हणजे त्यांनी सांगितलं नव्हतं. माझं नाव घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं, पण तेवढंही त्यांनी माझ्यासाठी सोडलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, कुणी काही बोललं का गो त्याला? मी सुपातल्या तांदळावरची नजर न काढता म्हटलं, तलाठीकाकांनी तक्रार केली, म्हणून मी त्यांना नियम दाखवला.

त्या संध्याकाळपासून तलाठीकाकांचा चहा बंद झाला. तुम्ही भांडला नाहीत, विचारलंही नाहीत, नुसतं तुटक बोलायला लागलात. त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही आपलं काय चुकलं.

आणि फळा? मला वाटलं होतं आता जागा मोकळी झाली. मी वेणी घालून, दप्तर भरून दारात उभी राहायची. तुम्ही खाली उभं राहून एक ओळ वाचायचात, स्टुलावर चढायचात, लिहायचात, उतरायचात, पुढची ओळ वाचायचात. गुडघे दुखायचे तुमचे, उतरताना भिंत धरायचात. मला हाक मारली नाहीत. मीही पुढे झाले नाही. शाळा सुटेपर्यंत, कॉलेज होईपर्यंत, लग्न होऊन रोह्याला येईपर्यंत तुम्ही एकटेच चढत-उतरत राहिलात. कळलं होतं का तुम्हाला? मी पुष्कळदा विचार केला. कळलं असतं तर बोलला असतात, असं एकदा वाटतं. बोलणार नाहीत म्हणूनच तर तुम्ही अण्णा, असंही वाटतं.

आज तो खांबचा माणूस सातला आला. मी स्टुलावर चढले. माझे गुडघेही आता तुमच्याच वळणावर गेलेत. तो घसा खाकरून वाचायला लागला, फार भरभर, घाबरून. मी पाठमोरीच म्हणाले, “हळू, माझा हात पोचत नाय.” तो हळू झाला. मग पुढच्या चार ओळी मी लिहीत होते, तो वाचत होता, रस्त्यावरून पहिली रिक्षा गेली. एवढं बरं वाटत असेल तुम्हाला वर उभं राहून, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि खाली बघितलं तर त्याच्या केसांवर खडूची पूड पडलेली. काय सांगू, अण्णा, साठीला आलेली बाई मी, निवृत्तीला महिने मोजते आहे, आणि मला त्या परक्या माणसाचा हेवा वाटला. ऐकणारी मीच होते. तरीही.

हे पत्र पोचणार नाही, म्हणून तर लिहिता आलं. मिठागरावरचे काका गेले, तलाठीकाका तर तुमच्याही आधी गेले, त्यांच्या तेराव्याला तुम्ही गेला नव्हतात. आता ज्याला सांगावं असं कुणी उरलेलं नाही, तेव्हा सांगते. त्या रविवारी तलाठीकाकांनी पानातून मान वर केली होती ती एकदाच, काका निघाले तेव्हा. मला म्हणाले, “वाचू द्यायचं होतंस गो त्याला.”