निर्जंतुक खोलीतली माझी प्रगती

३ मार्च
छापखाना बंद पडून आठ महिने. आज निर्णय घेतला. बायोसायन्स! औषध कंपन्यांना म्हणे कुशल माणसंच मिळेनात, म्हणून चार कंपन्या आणि कॉलेज मिळून सहा आठवड्यांचं ट्रेनिंग देणार. फुकट. पास झालं की नोकरी. त्यांचं माझ्यावाचून अडलंय, हे त्यांना अजून कळायचंय.

५ मार्च
बॅचला बारा जण हवेत, जमले अकरा. रद्द व्हायची वेळ. हिचं नाव घातलं. ही म्हणाली, मला त्यातलं काय कळतं? म्हटलं, तू नुसती बस. मी आहे ना.

१० मार्च, पहाटे ५ वाजता
रोज या वेळी उठून जीवशास्त्र वाचणार.

(वरची नोंद काल रात्रीच लिहून ठेवली होती. उठलो पावणेनऊला. उद्यापासून नक्की.)

१९ मार्च
निर्जंतुक खोलीचा पांढरा सूट. जमिनीला लागू न देता अंगात चढवायचा. ही पहिल्या फटक्यात आत. माझा पाय बाहीत गेला. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, काका, पुन्हा. सूटचं माप चुकलंय. कंपनीला पत्र लिहावं काय?

२ एप्रिल
मिशी काढा, नाहीतर जाळी लावा, असं फर्मान. मिशी काढणार नाही. जाळीत भयंकर खाज सुटते. एकदाच खाजवली. फार तर चारदा.

९ एप्रिल
शेवटची परीक्षा. सूट चढवायचा, ग्लोव्हजची दहाही बोटं जेली भरलेल्या प्लेटवर टेकवायची. प्लेट तीन दिवस उबेत, मग निकाल. मार्क कसे देतात ते मॅडम सांगत होत्या, तेव्हा मी जाळी सारखी करत होतो. सोपंच असणार.

१२ एप्रिल
अकरा प्लेटा कोऱ्या. माझ्या प्लेटवर पांढरे, पिवळे, एक गुलाबी, मोजून त्रेसष्ट ठिपके! सगळा वर्ग प्लेटभोवती गोळा. मॅडमनी फोटो काढला, शेजारच्या लॅबमधल्या सरांना बोलावून दाखवला. हिची प्लेट कोरी, बिचारी. चहा पाजला, धीर दिला. म्हटलं, प्रत्येकाच्या हाताला गुण नसतो. ही काहीतरी बोलणार होती, पण तिने चहाचा घोट घेतला.

१५ एप्रिल
शर्टाला इस्त्री. सुपरवायझरच्या खालची पोस्ट घ्यायची नाही. हिला माझ्या हाताखाली घ्या म्हणून सांगेन.

१७ एप्रिल
यादी लागली. अकरा नावं. हिचं आहे, माझं नाही. छपाईची चूक. या धंद्यात तीस वर्षं काढलीत, मला कळतं.

संध्याकाळी
मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, काका, ठिपका म्हणजे जंतू. कोरी प्लेट पास. त्रेसष्ट तर आजवर कोणीच आणले नव्हते.

घरी येऊन हिला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, हो, पण तुम्ही किती खूश होतात. सोमवारपासून हिची ड्यूटी, सकाळी सातची. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. फार वाईट वाटलं, म्हणून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

ही मागून आली. म्हणाली, रडताय? म्हटलं, छे, डोळ्यात काहीतरी गेलंय.

म्हणाली, आधी हात धुऊन या, मग चोळा.