पिवळी कणी

तलासरी, कोजागिरी, शुक्रवार संध्याकाळ

बाई,

तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, आणि त्याआधीची दोन वर्षं मी डहाणूला येऊनही तुमच्या दारावरून तशीच पुढे जात होते. म्हणजे सोळा वर्षं मी तुमच्याशी बोललेले नाही. आधी त्याची माफी मागते. ‘वेळ मिळाला नाही’ असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. तेव्हा मी तुम्ही शिकवलेली शिवण सोडून ऑफिसातली नोकरी धरली होती. तुम्ही विचारलं असतंत, ‘हात चालू आहे ना, बेन?’ तर काय उत्तर द्यायचं ते मला ठरवता येत नव्हतं. आता हात चालू आहे, म्हणून लिहायचं धाडस करतेय. शिवाय आज दिवसभर तुमच्या सहा साड्या माझ्यासमोर ताणून बसवलेल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून गप्प बसणं अवघड आहे.

घाबरू नका, साड्या मी चोरलेल्या नाहीत. तुमच्या लेकीने आणून दिल्या. तुमची नात बाळंतपणाला माहेरी, चिखल्याला आली आहे, तिला मुलगी झाली. परवा रविवारी बारसं आहे, आणि पणतीला पणजीच्या साड्यांची गोधडी हवी असं तुमच्या लेकीने ठरवलं. पिशवी उघडली तर वर तुमची ती निळी, पांढऱ्या ठिपक्यांची. दर सोमवारी नेसायचात ती. मी म्हटलं, ही कापायची नाही, ही सबंध खाली अस्तराला लावू. बाकी पाचांचे तुकडे जोडून वरची बाजू केली. धुऊन धुऊन ते सुती कापड इतकं मऊ झालंय की सुई एकदा गेली की भोक दिसतं. अशा कापडावर चुकायला जागा नसते, आणि तुमच्या दुसऱ्या साड्या आता कोणाकडेच नाहीत.

इथे तलासरीत आम्ही सहा जणी मिळून गोधड्या शिवतो. आमचं मशीन तुम्ही पाहिलंत तर हसाल. तुमच्याकडे मशीन जागच्या जागी असायचं आणि कापड चालायचं. इथे उलटं आहे. गोधडी पलंगाएवढ्या चौकटीवर दोन रुळांना गुंडाळून ताणलेली असते, आणि मशीनच चाकांवर तिच्यावरून फिरतं. दोन्ही हातांत दांडे धरायचे आणि सायकल वळवावी तसं वळवायचं. त्याचा हात लांब असतो म्हणून लाँगआर्म म्हणतात. सुरतेहून जुनंच आणलंय. ते चालवते ती इथल्याच एका पाड्यावरची, तिशीतली. आधी दुसऱ्यांच्या शेतांवर मजुरीला जायची. पहिल्या दिवशी तिने दांडे धरले आणि मशीनला असं काही वळवलं की मी बाजूला झाले ते आजतागायत बाजूलाच आहे. मुंबईहून कोणी पाहुणे आले की तिला विचारतात, तुम्ही वारली चित्रं काढता का हो? ती म्हणते, ‘नाय, मी मशीन चालवते. तुम्ही काढता का?’

दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा केली. झेंडूची माळ, कुंकू, अक्षता. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तुमची गोधडी चढवली. वरचा दोरा पांढरा, खालचा निळा. वरून टाका मोत्यासारखा दिसत होता. हातभर शिवून झाल्यावर मी खाली वाकून मोबाइलच्या उजेडात पाहिलं. तुमच्या निळ्या साडीवर प्रत्येक वळणाला पांढऱ्या दोऱ्याचे फासे लोंबत होते, पापण्यांच्या केसांसारखे. वरचा दोरा सैल पडून खाली ओढला जात होता. आणि तेही सगळीकडे नाही. चार बोटं ठीक, मग फासे, मग परत ठीक.

इथे मला तुमची मागची खोली आठवते. डहाणूत आगरच्या रस्त्याला लागून तुमचं घर, मागे क्लास, आणि क्लासमधून थेट स्वयंपाकघरात जायचं दार. तुम्ही चुलीवरची कढी ढवळत असता आणि मी दारात उभी आहे, हातात चिंधी. वर लाल दोरा, खाली पांढरा. तुम्ही एका हाताने डाव सोडत नाही, दुसऱ्या हाताने चिंधी घेता, खिडकीकडे धरता, मग दोन्ही हात लागतात म्हणून डाव माझ्याकडे देता आणि चिंधी तिरकी ओढता. तट्. ‘लाल आधी तुटला. म्हणजे लाल घट्ट. दोन्ही एकदम तुटले पाहिजेत.’ मग खालच्या दोऱ्याची डबी, बॉबिनची केस, दोऱ्याने हवेत लटकवून दाखवता, एक हलका झटका, ती बोटभर उतरते आणि थांबते. ‘अशी. धपकन पडली तर सैल, हललीच नाही तर घट्ट.’ आणि पुढे तुमचा कायदा: स्क्रूला हात लावायच्या आधी सगळा दोरा काढायचा, पहिल्यापासून परत ओवायचा, मग बोलायचं. कढी तेव्हा उतू गेली होती. तुम्ही म्हणालात, तुझ्यामुळे. मी अजून म्हणते, डाव माझ्या हातात होता पण लक्ष तुमचंच हवं होतं.

हा कायदा मी इथे सगळ्यांना शिकवते. पाळला मात्र नाही. सोमवारी मी बॉबिन केसचा स्क्रू फिरवला. मंगळवारी सुई बदलली, शटल साफ केलं. दोऱ्याचा कोन, म्हणजे ते मोठं रीळ, दोनदा बदलला, पण नवा दोरा जुन्याच्या टोकाला गाठ मारून ओढून घेतला, जसं घाईत सगळेच करतात. गाठ दोरा दाबून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांपाशी अडायची, मी जोर लावून ओढायचे. दर वेळी थोडं शिवायचं, वाकून पाहायचं, उसवायचं. बुधवारी माझा धीर सुटला.

मशीन चालवणारीला मी म्हटलं, “तुझा हात वळणावर पळतो. जरा दमाने घे.”

“हात तं तोच आहे, ताई. दसऱ्याआधी चालायचा.”

“आधीचं कापड जाड होतं. हे वेगळं आहे. तुला कळत नाही, या साड्या परत मिळायच्या नाहीत.”

आजूबाजूच्या चारही जणींच्या सुया थांबल्या. तिने दांडे सोडले, खाली चटईवर जाऊन बसली आणि दुसऱ्या एका गोधडीची किनार हाताने शिवायला घेतली. काल दिवसभरही तेच. मशीन मी चालवलं, अगदी गोगलगायीसारखं, आणि फासे माझ्याही हाताखाली आले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं. पण मोठ्याने म्हणवलं नाही.

आज सकाळी ती आली, चपला काढल्या, पदर खोचला आणि सरळ मशीनकडे गेली. मला वाटलं, आता ‘येत नाही उद्यापासून’ म्हणणार. तिने कोनापासून सुईपर्यंत सगळा दोरा खेचून काढला आणि हाताभोवती गुंडाळून ठेवला.

“हे काय करतेस?”

“तुम्हीच सांगता ना, आधी सगळा दोरा काढायचा, मंग बोलायचं. चार दिवसांत एकदा तरी काढला का, ताई?”

कोणीतरी खुदकन हसलं. ती एकेका कडीतून दोरा ओवत आली, चकत्यांमधून घातला आणि दोन बोटांनी हळूच ओढत राहिली. डोळे मिटलेले. “आता पकड आहे... आता गेली. परत आली.” मी पेटीतून तुमचा छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, मुठीला लाल दोरा गुंडाळलेला, आणि तिच्या हातात दिला. तिने टेन्शनची घुंडी सोडवली, स्प्रिंग काढली, पातळ पोलादी चकत्या अलगद वेगळ्या केल्या. तिच्या तळहातावर तांदळाची अर्धी कणी पडली.

दसऱ्याची अक्षता! ती मध्ये आली की चकत्या मिटत नव्हत्या आणि दोरा सैल सुटत होता. आणि मी जिच्यासाठी चार दिवस जगातली सगळी कारणं शोधत होते, ती खसखशीपेक्षा जरा मोठी होती.

“बघा! मशीनच्या घशात प्रसाद अडकलाय. बोलंल कसं?” ती म्हणाली, आणि मग जे हसू फुटलं ते थांबेचना. एक जण म्हणाली पुढच्या दसऱ्याला मशीनला खीरच पाजू. मी खुर्चीवर बसून डोळे पुसत होते. चकत्या पुसल्या, घुंडी बसवली, मी उगाच फिरवलेले स्क्रू जागेवर आणले. चिंधी लावली, वर लाल, खाली पांढरा. तिने शिवलं, मी तिरकी ओढली. तट्. दोन्ही एकदम. बाई, तो आवाज ऐकून मला तुमच्या कढीचा वास आला.

मग तिने दांडे हातात घेतले आणि दुपारपर्यंत सोडले नाहीत. वळणावर ती मुद्दाम जास्तच झुकून पळवत होती आणि दर वेळी माझ्याकडे बघत होती. मी वाकून खाली पाहायचे, निळ्या साडीवर ठिपक्यांमधून टाक्यांची वेल सरळ चाललेली. उसवलेल्या जागी तिने पाण्याचा हात फिरवून नखाने कापड चोळलं तशी भोकं मिटत गेली. सगळी नाही, तीन ठिकाणी दिसतात. तुमच्या लेकीला ती दाखवूनच देईन. उद्या दुपारपर्यंत गोधडी उतरेल, संध्याकाळी तुमची लेक न्यायला येईल, आणि परवा तुमची पणती त्यावर निजेल. हे लिहितानाही मला हसू येतंय. बाकीच्या जणी सहा वाजता टमटमने गेल्या, इकडे गॅसवर कोजागिरीचं दूध आटतंय, या वेळी लक्ष माझंच आहे.

एक राहिलं. सकाळी कोणीतरी विचारलं, ही अक्षता टाकली कोणी? मी म्हटलं, “असेल कोणाचीतरी, सगळ्यांनीच टाकल्या होत्या.” हे खोटं नाही. पण त्यांच्या अक्षता कुंकवातल्या, लाल. हळदीच्या फक्त मी घरून नेल्या होत्या, आणि तांदूळ संपला म्हणून डब्यातली कणी घेतली होती. तिच्या तळहातावरची कणी पिवळी होती. तिनेही पाहिली. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कागदाच्या पुडीत बांधून देवाच्या फोटोपाशी ठेवून दिली.

तुम्हाला आठवत असेल की नाही, मला आठवतं. मी एकोणीस वर्षांची. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची शिवण चुणली आणि तुम्ही भर क्लासात म्हणालात, ‘कॉलेजात जाऊन हात जड झाला हिचा.’ मी ओट्यावर जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुली बसल्यावर तुम्ही पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आलात. ‘काल मी हिला बोलले. चूक माझी होती. साफ करताना दोन मशीनच्या बॉबिन केस माझ्याकडून अदलाबदल झाल्या. चला, काजं घ्या.’ एवढंच. नंतर मला आत बोलावून ताडगोळे सोलून दिलेत आणि तो स्क्रूड्रायव्हर. ‘रडत बसण्यापेक्षा उघडून बघायचं, बेन.’ इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही मला त्या दिवशी मशीन उघडायला शिकवलंत.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, वहीतच राहील. तुम्ही वाचणार नाही म्हणून इतकं सोपं गेलं, हेही कबूल करते. तिला सांगणं इतकं सोपं जाणार नाही.

उद्या: मशीन सुरू करायच्या आधी, सगळ्या जणी बसल्यावर, तिला सांगायचं की कणी माझी होती.