चौथ्या मिनिटातलं (अस्पष्ट)

ती. वहिनींस, धाकट्या नणंदेचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता बरा असेल, झोपही लागत असेल, असं धरून चालते. मी ठणठणीत आहे. फक्त नापास झाले आहे.

बोलण्यातून मनाचा इलाज करणारी माझी ती ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनालिसिसची विद्या तुम्हाला ठाऊक आहेच. (दादा गेला त्या आठवड्यात मी तासभर समजावून सांगितली होती.) प्रत्येकाच्या आत एक पालक, एक प्रौढ आणि एक मूल असतं, दोघं बोलतात तेव्हा कोणातलं कोण कोणाशी बोलतंय ते तपासायचं. माणूस मुळात ठीकच असतो, हे तिचं पहिलं तत्त्व. ते मानणाऱ्या चौघांनी मला एकमताने नापास केलं.

सात वर्षं घातली, वहिनी. शिकवणाऱ्या बाईंसमोर बसून आपल्या कामाची झडती द्यायची, प्रत्येक तासाला त्यांची सही घ्यायची, असे शेकडो तास. मग लेखी. मग तोंडी परीक्षा. तिथे इलाजाला आलेल्या माणसाबरोबरच्या आपल्या एका सत्राचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकवायचं आणि त्यातला शब्द न् शब्द टाइप करून परीक्षकांच्या हाती द्यायचा. मी जन्मभर सभा गाजवल्या, कारखान्याच्या गेटवर उभी राहून संप मिटवले (एकदा लावलाही). तोंडी परीक्षेला मी कशाला घाबरते?

समोर चार परीक्षक, मधे टीपॉय, त्यावर कागदी रुमालांचा डबा, कोणी रडलंच तर. त्यातले वयस्कर परीक्षक माझ्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "इथे तुमचं पानभर आहे आणि समोरच्या बाईंचं नुसतं 'हं'."

"त्या ऐकत होत्या," मी म्हटलं.

"ऐकायचं काम कोणाचं होतं?"

यावर मी, ऐकणं ही समाजाने दुबळ्यांवर लादलेली शिक्षा कशी आहे, हे वीस मिनिटं सांगितलं. (चांगलं बोलले. टाळ्या पडल्या नाहीत.) मग त्यांनी चौथं मिनिट पुन्हा लावायला सांगितलं. कागदावर तिथे मी कंसात 'अस्पष्ट' लिहिलं होतं. टाइप करताना तो तुकडा मी दहा वेळा ऐकला होता, शपथेवर सांगते, काही कळलं नव्हतं. चौघांना पहिल्या झटक्यात कळलं. त्या बाई म्हणत होत्या, "मला जरा बोलू द्याल का?"

रुमाल कोणी पुढे केला नाही. मीच घेतला, घाम पुसायला.

आता सहा महिन्यांनी शेवटची संधी. समोरचं माणूस बोलतंय असं एक नवं रेकॉर्डिंग हवं. त्या बाई तर कधीच यायच्या थांबल्या. (बऱ्या झाल्या, असं मी नोंदवलं आहे.) मोजपट्टी घेऊन माणसं मापणाऱ्या या मंडळींचा निषेध मी लेखी करणार आहे. मसुद्याची अकरा पानं झाली.

तुमची,
धाकटी नणंद

ता. क. नातेवाइकांचं रेकॉर्डिंग परीक्षेला चालत नाही. चालत असतं तर हे पत्र दोन ओळींचं झालं असतं.

ता. क. २. त्या आठवड्यात मी समजावत होते तेव्हा तुम्ही मधेच काहीतरी म्हणाला होतात. तेही मी अस्पष्टच धरलं. रविवारी येते. रेकॉर्डर आणत नाही. तुम्ही बोला, मी 'हं' म्हणेन.

ता. क. ३. पत्र पुन्हा वाचलं. गुडघा बरा आहे हे मीच ठरवून टाकलंय. कसा आहे?