एलिहियाचं युरिन कल्चर

१२ जानेवारी, सकाळी साडेसात
बायकोला, एलिहियाला, ॲडमिट केलं. ताप, कंबरेत कळा, लघवीला जळजळ. असुनसिओनच्या सरकारी हॉस्पिटलात नुसता सावळागोंधळ. मला काडीची काळजी नाही. एकतीस वर्षं औषधाच्या काउंटरवर काढलीत, गल्लीत अजून मला डॉक्टरच म्हणतात. संकल्प : इथल्या पोरासोरांना शिकवायचं नाही. विचारलं तरच बोलायचं.

संध्याकाळी
कुणी विचारलं नाही. तरी बोललो. डॉक्टर बोगादो म्हणून एक पोरगी आहे, माझ्या चपला तिच्याहून जुन्या असतील. आधी घरी काय दिलंत म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. जळजळ झाली की अँटिबायोटिकच्या दोन कॅप्सूल, थांबली की बंद, उरलेल्या पुढच्या वेळेला. याला काय औषध देणं म्हणतात? संसार म्हणतात याला.

१३ जानेवारी
उद्या लघवीचा नमुना. कल्चर करणार, म्हणजे जंतू वाढवून कुठल्या औषधाने मरतात ते बघणार. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर झाडतोच ना! गेटवरच्या पालेवालीकडून, ब्रिहिदाबाईकडून, किडनीचा पाला कुटून घेतला. पहाटे बर्फाच्या पाण्यात तेरेरे, म्हणजे गार काढा, करून पाजायचा. तीन थर्मास. एलिहिया म्हणाली, म्हाताऱ्या, माझं पोट फुटेल रे. चाळीस वर्षांत माझं ऐकून तिचं काय वाईट झालंय?

१४ जानेवारी
लघवी पाण्यासारखी स्वच्छ! बाटली उजेडात धरून नर्सला दाखवली. कौतुक नाही, उलट किती पाणी प्यायल्या म्हणाली. नेहमीइतकंच, म्हटलं.

१६ जानेवारी
रिपोर्ट आला. जंतू नगण्य! अख्ख्या वॉर्डाला सांगितलं. बोगादोबाईंच्या कपाळावर आठ्या. ताप एकोणचाळीसवर आणि रिपोर्ट साफ, हे जुळत नाही म्हणाल्या. तूर्त नेहमीचंच औषध सलाइनमधून. जळतात लोक, दुसरं काय.

१७ जानेवारी, दुपारी
ताप चाळीस. बाहेर आमच्या जानेवारीच्या भर उन्हाळ्याने डांबर पातळ झालंय आणि ही तिसरं ब्लँकेट मागतेय. थंडीने खाट वाजते. संकल्प : उद्या तेरेरेचं सांगून टाकायचं. फारच गरज पडली तर.

१८ जानेवारी
सांगितलं नाही. बाई घाईत होत्या. मीही घाईत होतो.
ब्लडप्रेशर उतरलं. नर्सने नळी घालून नवा नमुना घेतला, मला बाहेर काढून. एलिहियाने मला ओळखलं नाही. भाऊ समजून माझ्याचविषयी बोलत होती. चांगलं बोलत होती, हे जास्त लागलं. भीती वाटते. ही गेली तर मी काय करू?

२० जानेवारी
रिपोर्ट. जंतू लाखांनी. औषधांची लांबलचक यादी, जवळजवळ प्रत्येकापुढे एकच शेरा : उपयोग नाही.
बोगादोबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, आता खरं सांगा, आजवर घरात काय काय दिलंत ते लिहून द्या. लिहिलं. एक कागद पुरला नाही. शेवटी बारीक अक्षरात तेरेरेही लिहिला. त्यांनी माझ्या कागदावरचं एकेक नाव रिपोर्टवर बोटाने शोधलं. सगळी सापडली. मग म्हणाल्या, आता एकच इंजेक्शन उरलंय, आणि तुमच्या तेरेरेने पहिला नमुना पातळ करून चार दिवस खाल्ले.
संकल्प सुचला नाही.

२२ जानेवारी, सकाळी
ताप साडेसदतीस! मूत्रपिंडाचं अजून नक्की नाही म्हणतात, पण तिने डोळे उघडले. मला ओळखलं. वर लटकलेल्या बाटलीकडे बघून हे काय म्हणाली. नाव सांगितलं. फार जालीम, शेवटचंच आहे, म्हटलं. वाटलं, आता माझा हात हातात घेईल.
म्हणाली, म्हाताऱ्या, याला तू हात लावू नकोस.
नाही लावला. नर्स येईपर्यंत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिलो.